यून यो-जंग यांचा अभिनय कोणत्या क्रमाने पाहावा

'मिनारी' या चित्रपटातील आजीच्या भूमिकेसाठी २०२१ च्या एप्रिलमध्ये यून यो-जंग यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या. अभिनयाचे ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन कलावंत. आशियाई अभिनेत्रींपैकी त्यांच्याआधी हा मान केवळ मियोशी उमेकी यांना, 'सायोनारा' या १९५७ सालच्या चित्रपटासाठी, मिळाला होता. कोरियन मालिका आवडीने पाहणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना हे नाव त्या पुरस्कारामुळेच ठाऊक झाले, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. 'ऑस्करवाली आजी' एवढ्या ओळखीवर त्यांचे आणखी काम पाहायला घेतले की एकामागून एक आज्याच पुढे येतात, आणि चार-पाच चित्रपटांनंतर असे वाटू लागते की या बाई जन्मभर मायाळू म्हातारीच्याच भूमिका करीत आल्या असाव्यात.

वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. १९७१ साली घराघरांतले कोरियन प्रेक्षक एका खलनायिकेच्या भूमिकेमुळे त्यांच्यावर दात खात होते; १९८० च्या दशकात घटस्फोटित बाई दूरचित्रवाणीवर नको, अशा तक्रारी त्यांच्याबाबत होत होत्या; आणि साठीच्या आसपास त्यांनी ज्या भूमिका स्वीकारल्या, त्या वाचूनच त्यांच्या वयाच्या अनेक अभिनेत्रींनी पटकथा परत केली असती. म्हणून त्यांचे काम केवळ कालानुक्रमाने किंवा केवळ प्रसिद्धीच्या क्रमाने पाहण्यात फारसा अर्थ नाही. काही चित्रपट जोडीने पाहावेत, काही सोडून द्यावेत, आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न मनाशी ठेवावा : हे काम त्यांनी पोटासाठी केले आहे की आवडीसाठी? हा प्रश्न उद्धट वाटेल, पण तो त्यांनी स्वतःच पुढे केलेला आहे. नट सर्वांत चांगला अभिनय करतो तो पैशाची गरज असताना, असे त्यांनी एका मुलाखतीच्या कार्यक्रमात स्पष्ट सांगितले होते, आणि ऑस्करच्या मंचावरूनही त्यांनी आभार मानले ते आपल्याला घराबाहेर पडून कामाला लावणाऱ्या दोन मुलांचे.

सुरुवात करण्यापूर्वी

नावांची गल्लत आधी मिटवावी, कारण ती झाली की भलताच चित्रपट पाहून होतो. कोरियन नावात आडनाव आधी येते. यून हे आडनाव आणि यो-जंग हे नाव. रोमन लिपीत ते निरनिराळ्या प्रकारे लिहिले जाते, त्यामुळे शोध घेताना एखाद्या विश्वकोशाच्या पानावरून कोरियन लिपीतील नाव उचलून वापरणे सोयीचे पडते. त्यांना चित्रपटात आणणारे दिग्दर्शक किम की-यंग हे १९९८ साली वारलेले जुन्या पिढीचे दिग्दर्शक. अलीकडच्या काळातील किम की-डक वेगळे. यून यांच्या मालिका लिहिणाऱ्या किम सू-ह्यून या ज्येष्ठ लेखिका आहेत, तरुण मुलींचा लाडका नट किम सू-ह्यून नव्हे. इम सांग-सू आणि होंग सांग-सू हेही दोन वेगळे दिग्दर्शक असून त्यांच्या चित्रपटांची जातकुळी इतकी भिन्न आहे की एकाच्या ऐवजी दुसऱ्याचा चित्रपट लावला तर पहिल्या दहा मिनिटांत चूक कळते. 'द हाउसमेड' १९६० चा आहे तसाच २०१० चाही आहे, आणि यून त्यांपैकी दुसऱ्यात आहेत. 'वुमन ऑफ फायर' १९७१ चा पाहायचा. त्याच दिग्दर्शकाने तो १९८२ साली पुन्हा केला, त्यात यून नाहीत. 'इन्सेक्ट वुमन' नावाचा १९६३ चा एक प्रसिद्ध जपानी चित्रपटही आहे, त्याच्याशी यून यांच्या १९७२ च्या चित्रपटाचा संबंध नाही.

वयाचे आकडेही जपून घ्यावेत. कोरियात जन्मताच एक वर्ष धरण्याची आणि दर नववर्षाला एक वाढवण्याची जुनी पद्धत होती, आणि २०२३ च्या जूनमध्ये कायद्याने आंतरराष्ट्रीय पद्धत ठरवली जाईपर्यंत वृत्तपत्रांत दोन्ही चालत. यून यांचा जन्म १९ जून १९४७ चा, केसाँग या गावचा. हे गाव तेव्हा दक्षिणेकडे होते. युद्धानंतर १९५३ च्या शस्त्रसंधीत ते उत्तर कोरियात गेले, आणि त्या सोलमध्ये वाढल्या.

शेवटची सूचना डबिंगविषयी. डब केलेली आवृत्ती कितीही सोयीची असली तरी घेऊ नये. यून यांचा आवाज घोगरा, किंचित रुक्ष आणि भरभर बोलणारा आहे. तरुणपणी तो नायिकेला शोभत नाही असे लोक म्हणत, आणि आज त्यांचा निम्मा अभिनय त्या आवाजात आहे असे माझे मत आहे. सबटायटल वाचताना वाक्यांच्या शेवटाकडेही कान द्यावा. आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' यांवरून जे कळते, ते कोरियनमध्ये क्रियापदाच्या शेवटी कळते, आणि आदरार्थी बोलण्यात वाक्य बहुधा 'यो' या ध्वनीवर थांबते. इंग्रजी सबटायटलमध्ये हा सगळा फरक पुसला जातो. नोकर, मालक, सून, सासू या नात्यांवर उभ्या असलेल्या चित्रपटांत तो कानांनीच टिपावा लागतो.

पहिली जोडी : १९७१ ची मोलकरीण आणि २०१० ची मोलकरीण

हान्यांग विद्यापीठात कोरियन भाषा-साहित्य शिकत असताना यून यांनी १९६६ साली टीबीसी या खासगी वाहिनीच्या कलाकार-निवडीत भाग घेतला आणि शिक्षण अर्धवट सोडले. काही वर्षांतच त्या एमबीसी या दुसऱ्या वाहिनीकडे गेल्या आणि १९७१ साली 'जांग ही-बिन' या मालिकेत त्यांना मुख्य भूमिका मिळाली. राजा सुकजोंगच्या अंतःपुरातून राणीपदापर्यंत चढलेली आणि १७०१ मध्ये विष देऊन मारली गेलेली ही स्त्री कोरियन दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा येणारी खलनायिका आहे. ती मालिका आपल्यासारख्या प्रेक्षकाच्या हाती येत नाही, म्हणून तिच्यासाठी धडपडू नये. मात्र घरोघरी तिरस्कार मिळवून देणारी भूमिका आणि पहिला चित्रपट एकाच वर्षातले आहेत, हे ध्यानात ठेवावे.

तो पहिला चित्रपट म्हणजे किम की-यंग यांचा 'वुमन ऑफ फायर'. खेड्यातून कामाच्या शोधात आलेली म्यंग-जा एका कुटुंबात मोलकरीण म्हणून राहते. घरची बाई कोंबड्या पाळण्याचा व्यवसाय चालवते, नवरा गाणी रचतो, आणि घर चालते ते बाईच्या कमाईवर. नवरा दारूच्या नशेत मुलीवर अत्याचार करतो, तिला दिवस राहतात, बायको गर्भपात करायला लावते, आणि तिथून पुढे त्या घरात कोणीच सुरक्षित उरत नाही. हा चित्रपट किम यांनी आपल्याच १९६० च्या 'द हाउसमेड'वरून नव्याने रचला होता. मूळ चित्रपटात बायको शिलाईकाम करते आणि नवरा संगीत शिकवतो. घरातली कमावती बाई आणि कलावंत नवरा ही रचना या दिग्दर्शकाने पुन्हा पुन्हा वापरली. त्यांच्या स्वतःच्या पत्नी दंतवैद्य होत्या आणि त्यांच्या कमाईचा हातभार चित्रपटांना लागत असे, हे कळल्यावर त्या रचनेकडे पाहण्याची नजर थोडी बदलते.

चित्रपट पाहताना दोन पथ्ये पाळावीत. एक, घरातल्या सगळ्यांना घेऊन तो लावू नये. लाल-निळ्या प्रकाशात न्हालेला हा चित्रपट आजही अंगावर येतो, आणि उंदरांची ज्यांना भीती आहे त्यांनी आधीच विचार करावा. दोन, त्या काळी कोरियन चित्रपटांत ध्वनी नंतर भरण्याची रीत होती, म्हणून इथे आवाजाऐवजी चेहरा आणि हात पाहावेत. चोवीस वर्षांची ही मुलगी कुठेही दयेची याचना करीत नाही. अन्याय झालेल्या मुलीने जसे दिसावे अशी प्रेक्षकाची अपेक्षा असते तसे ती दिसत नाही; ती हिशेब मांडणाऱ्या माणसासारखी शांत होत जाते, आणि घरातली मंडळी तिला घाबरू लागतात ती याच शांतपणामुळे. या भूमिकेसाठी त्यांना कोरियातील ब्लू ड्रॅगन पुरस्कार आणि स्पेनमधील सित्जेस महोत्सवाचा अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी याच दिग्दर्शकाचा 'इन्सेक्ट वुमन' आला. त्यात बायको नवऱ्याच्या दुसऱ्या बाईशी त्याच्या वेळेची वाटणी करून टाकते. वेळ असेल तरच तो पाहावा. पन्नास वर्षांनंतर ऑस्करच्या मंचावर यून यांनी आपले पहिले दिग्दर्शक म्हणून किम यांचे नाव घेतले आणि ते असते तर त्यांना आनंद झाला असता असे म्हटले, ते या दोन चित्रपटांच्या आठवणीने.

जुने कोरियन चित्रपट शोधताना कोरियन चित्रपट संग्रहालयाच्या यूट्यूब वाहिनीपासून सुरुवात करावी. तिथे अनेक अभिजात चित्रपट इंग्रजी सबटायटलसह मोफत ठेवलेले असतात, आणि यादी अधूनमधून बदलत असल्याने पुन्हा पुन्हा डोकावणे फायद्याचे ठरते.

यानंतर लगेच ३९ वर्षे ओलांडून इम सांग-सू यांच्या २०१० च्या 'द हाउसमेड'कडे यावे. आता घर अतिश्रीमंतांचे आहे, तरुण मोलकरीण जॉन डो-यॉन यांनी आणि मालक ली जंग-जे यांनी केला आहे ('स्क्विड गेम'मुळे आपल्याकडे घराघरांत पोहोचलेले तेच), आणि यून आहेत ब्यंग-सिक, त्या घरात वर्षानुवर्षे राबलेली मुख्य मोलकरीण. म्हणजे एकाच कथेच्या दोन टोकांना एकच अभिनेत्री उभी आहे : एकदा घर पेटवणारी मुलगी म्हणून, आणि एकदा पेटणार हे ओळखून आधी मालकिणीच्या आईला खबर पोचवणारी म्हातारी म्हणून. दिग्दर्शकाने हे जाणूनबुजून केले असो वा नसो, प्रेक्षकाने मात्र जाणूनबुजून पाहावे.

इथे आवाज पूर्णपणे त्यांचा आहे. मालकांसमोर ब्यंग-सिकची कंबर वाकलेली, वाक्ये आदरार्थी, चेहरा कोरा. दार लागले की तीच बाई पुटपुटत शिव्या देते. हा पालट एका क्षणात होतो आणि दोन्ही रूपे तितकीच खरी वाटतात, कारण ब्यंग-सिक ढोंगी नाही, तिने फक्त मुलाच्या शिक्षणासाठी आयुष्यभर अपमान गिळला आहे. मुलगा सरकारी वकील झाल्याची बातमी तिला कळते, त्यानंतर तिच्या चालण्यात काय बदलते ते नीट पाहावे. कोरियातील त्या वर्षीचे सहायक अभिनेत्रीचे बहुतेक मोठे पुरस्कार त्यांना या भूमिकेसाठी मिळाले, आणि चित्रपट फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता.

मधली पोकळी कशी भरावी

या दोन चित्रपटांच्या मध्ये जे घडले ते न कळता पुढे जाऊ नये. १९७० च्या दशकाच्या मध्याला यून यांनी एका प्रसिद्ध गायकाशी लग्न केले, अमेरिकेत फ्लोरिडात राहायला गेल्या, आणि जवळपास दहा वर्षे अभिनयापासून दूर राहिल्या. तिथे त्यांनी किराणा दुकानात गल्ल्यावर कामही केले. १९८४ मध्ये त्या परतल्या आणि १९८७ मध्ये घटस्फोट झाला. दोन मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. ज्या टीबीसीवर त्यांनी सुरुवात केली ती वाहिनीही तोवर उरली नव्हती, कारण १९८० मध्ये लष्करी राजवटीने ती केबीएस या सरकारी वाहिनीत विलीन केली होती. कुटुंबप्रमुख पुरुषच असावा असे मानणारी कौटुंबिक नोंदणीची पद्धत कोरियात २००८ पर्यंत कायद्याने टिकून होती. त्यावरून १९८७ सालच्या घटस्फोटित आईकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल याची कल्पना करता येते. एकेकाळची नायिका आता मिळेल ती भूमिका घेत होती, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

या काळात त्यांच्यामागे उभ्या राहिल्या त्या लेखिका किम सू-ह्यून. १९८५ चा 'अ वुमन कॉल्ड मदर' हा चित्रपट त्यांनीच लिहिलेला, आणि १९८७ ची 'लव्ह अँड अँबिशन' आणि १९९१-९२ ची 'व्हॉट इज लव्ह' या मालिकाही त्यांच्याच. यांपैकी शेवटची कोरियात इतकी लोकप्रिय झाली की तिच्या प्रेक्षकसंख्येचे दाखले आजही दिले जातात. पण त्या मालिका इंग्रजी सबटायटलसह मिळवणे कठीण आहे, आणि त्यांच्या मागे लागून उत्साह संपवू नये. त्याऐवजी २०१६ ची 'डिअर माय फ्रेंड्स' ही सोळा भागांची मालिका घ्यावी. नो ही-ग्यंग यांनी लिहिलेल्या या मालिकेत किम हे-जा, ना मून-ही, गो दू-शिम, किम यंग-ओक अशा त्या पिढीच्या थोर अभिनेत्री एकत्र आहेत, आणि यून आहेत अविवाहित, स्वतःच्या हिमतीवर पैसा मिळवलेली, कॅफे चालवणारी ओ चुंग-नाम. दशकानुदशके मालिकांत राबलेल्या बायका एकमेकींसमोर कशा खेळतात, कोण किती जागा घेते आणि कोण किती सोडते, हे इथे एका ठिकाणी पाहायला मिळते. जुन्या मालिकांची उणीव त्यामुळे बरीच भरून निघते. ही मालिका दररोज एक भाग याच गतीने पाहावी. सलग पाहिली तर सगळ्या म्हाताऱ्यांची दुखणी एकमेकांत मिसळतात आणि मन जड होते.

साठीनंतर : निवडीचा काळ

साठी ओलांडल्यावर मोबदल्याचा हिशेब न करता आवडत्या माणसांबरोबर काम करायचे, हीच आपली चैन, असे यून सांगतात. या वळणाची चाहूल मात्र आधीच, २००३ च्या 'अ गुड लॉयर्स वाइफ'मध्ये लागते. इम सांग-सू यांच्या या चित्रपटात त्या सासू आहेत. नवरा मरणपंथाला लागलेला असताना तिचे दुसऱ्या पुरुषाशी संबंध आहेत, आणि ती ते मुलाला आणि सुनेला तोंडावर सांगते, तेही अपराधी न होता. मालिकांतल्या सासवांची सवय झालेल्या मराठी प्रेक्षकाने हा एक प्रसंग तरी पाहावाच.

इथून पुढचे सगळे पाहण्याची गरज नाही. एक चांगला उपाय म्हणजे एकच वर्ष निवडणे, आणि ते वर्ष २०१२ असावे. त्या वर्षी त्या 'द किंग टू हार्ट्स' या मालिकेत राजमाता होत्या. 'माय हजबंड गॉट अ फॅमिली' या शनिवार-रविवारच्या लोकप्रिय कौटुंबिक मालिकेत तीस वर्षांपूर्वी हरवलेला मुलगा सापडलेली सासू होत्या. इम सांग-सू यांच्या 'द टेस्ट ऑफ मनी'मध्ये तरुण सचिवावर जबरदस्ती करणारी उद्योगपती घराण्यातली बाई होत्या. आणि होंग सांग-सू यांच्या 'इन अनदर कंट्री'मध्ये इझाबेल ह्युपेर यांच्यासोबत समुद्रकाठच्या गावात निवांत वावरणारी पाहुणी. शेवटचे दोन्ही चित्रपट एकाच वर्षी कानच्या मुख्य स्पर्धेत होते. मालिकेचे दोन-तीन भाग आणि हे दोन चित्रपट एका आठवड्यात पाहिले, तर अभिनेत्रीचा पल्ला म्हणजे काय ते समजायला समीक्षा वाचावी लागत नाही. 'द टेस्ट ऑफ मनी' चित्रपट म्हणून मला फारसा जमलेला वाटत नाही. तो झगमगाटात रमतो आणि रागाची धार हरवून बसतो. तरीही यून यांच्यासाठी तो पाहावा.

होंग यांच्या चित्रपटांबाबत एक इशारा देणे योग्य होईल. हा दिग्दर्शक त्या दिवशीचे प्रसंग त्याच दिवशी सकाळी लिहून नटांच्या हाती देतो, चित्रपटांत घटना थोड्या आणि जेवणे-पिणे फार, आणि यून यांच्या भूमिकाही लहान असतात : 'हाहाहा'मध्ये खाणावळ चालवणारी आई, 'हिल ऑफ फ्रीडम'मध्ये अतिथिगृहाची मालकीण. मोठ्या नाट्याची अपेक्षा ठेवली तर कंटाळा येईल. तयारीला वेळ न मिळालेली अनुभवी अभिनेत्री समोरच्याचे वाक्य कसे ऐकते, एवढेच पाहायचे असेल तर मात्र यांच्याइतके उत्तम साहित्य नाही. याच वर्तुळातल्या किम चो-ही यांचा 'लकी चान-सिल' हा लहानसा चित्रपट अवश्य पाहावा. त्यात यून म्हातारपणी अक्षरे गिरवायला शिकणारी घरमालकीण आहेत, आणि भूमिका छोटी असूनही चित्रपटाचा तोल तीच सांभाळते.

या टप्प्यावर ज्या एका चित्रपटासाठी शांत संध्याकाळ राखून ठेवावी तो म्हणजे ई जे-योंग यांचा २०१६ चा 'द बॅकस लेडी'. सोलच्या जोंग्नो भागातील उद्यानांत एकटे म्हातारे पुरुष दिवसभर बसून असतात, आणि हातात बॅकस या शक्तिवर्धक पेयाची बाटली घेऊन त्यांच्याकडे जाणाऱ्या वयस्क स्त्रिया खरोखरच देहविक्रय करतात; चित्रपट त्या वास्तवावर उभा आहे. यून यांची सो-यंग अशीच एक. अमेरिकन लष्करी तळाभोवतीचे तरुणपण, दत्तक देऊन टाकलेले मूल, निवृत्तिवेतन नसलेले म्हातारपण असा तिचा भूतकाळ हळूहळू उलगडतो, आणि मग तिची जुनी गिऱ्हाइके तिच्याकडे वेगळीच मागणी घेऊन येऊ लागतात : आम्हाला मरायला मदत कर.

यात सहजपणे रडारड करता आली असती. यून ती टाळतात, आणि ती कशी टाळतात हे पाहण्यासाठी चित्रपट दोनदा पाहावा. पहिल्यांदा गोष्ट पाहावी. दुसऱ्यांदा फक्त पैशाचे व्यवहार पाहावेत. सो-यंग पैसे कसे मागते, कसे ठेवते, कोणाकडून घेत नाही, यातून तिचे सगळे आयुष्य कळते, कारण तिला प्रत्येक गोष्टीची किंमत ठाऊक आहे आणि स्वतःची लाज वाटण्याची चैन तिला परवडणारी नाही. घरी मात्र तिच्याभोवती तिच्यासारखेच बाजूला पडलेले शेजारी आहेत, एक परकी भाषा बोलणारा लहान मुलगा आहे, आणि तिथे ती वेगळ्याच गतीने हालचाल करते. चित्रपट २०१६ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला, आणि मॉन्ट्रियलच्या फँटेशिया महोत्सवात यून यांना अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते त्यांची सर्वोत्तम भूमिका हीच, ऑस्कर मिळालेली नव्हे.

त्याच वर्षीचा 'कॅनोला' ज्यांना हलके काही हवे असेल त्यांनी पाहावा. जेजू बेटावर समुद्रात बुडी मारून शिंपले गोळा करणारी आजी आणि बारा वर्षे हरवलेली नात यांची ती भावुक कथा आहे. काम चोख आहे, पण ते त्यांच्या डाव्या हातचा मळ.

'यून्स किचन' या कार्यक्रमाविषयी थोडक्यात. ना यंग-सॉक यांच्या या कार्यक्रमात यून २०१७ साली इंडोनेशियातील गिली त्रावांगान बेटावर आणि नंतर स्पेनच्या तेनेरिफे बेटावरील गाराचिको गावात छोटे कोरियन उपाहारगृह चालवतात. एखाद-दुसरा भाग पुरे. पहिल्या हंगामात उभे केलेले उपाहारगृह पाडले जाते आणि सगळे पुन्हा मांडावे लागते, तो भाग निवडावा. गडबडीच्या वेळी त्या चिडतात, घाबरतात आणि तव्यासमोरून हलत मात्र नाहीत.

आता 'मिनारी'

इतके पाहून झाल्यावर 'मिनारी' पुन्हा लावावा, आणि ज्यांनी तो अजून पाहिला नसेल त्यांना तर हे भाग्यच म्हणायचे. ली आयझॅक चंग यांनी आपल्या बालपणावरून लिहिलेला हा चित्रपट १९८० च्या दशकातील अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात शेती करू पाहणाऱ्या कोरियन कुटुंबाचा आहे, आणि नातवंडे सांभाळायला कोरियाहून आलेली सून-जा ही त्यातली आजी. ती तिखटाची पूड आणि सुके मासे घेऊन येते, पत्ते खेळताना शिव्या देते, दूरचित्रवाणीवर कुस्त्या पाहते, तिला बिस्किटे भाजता येत नाहीत, आणि 'तू खरी आजी नाहीस' असे नातू तिला तोंडावर सांगतो. कच्चा चेस्टनट स्वतः चावून नातवाच्या तोंडाशी धरण्याचा प्रसंग यून यांनीच सुचवलेला. तुमच्या खऱ्या आजीची नक्कल करायला हवी का, असे त्यांनी दिग्दर्शकाला विचारले होते, आणि 'नको' हे उत्तर मिळाल्यावरच त्यांना ही भूमिका करावीशी वाटली.

आता लक्ष द्यावे ते दोन जागांकडे. पहिली, सून-जा घरात येते तो प्रसंग : मुलीची अवस्था पाहून तिला काय वाटते हे ती बोलत नाही, सामान उघडते आणि वस्तू बाहेर काढत राहते. सो-यंग आणि ब्यंग-सिक पाहिलेल्या प्रेक्षकाला ही कामाआड लपण्याची सवय ओळखू येईल. दुसरी, आजारपणानंतरचा भाग. तोपर्यंत जिच्या तोंडाला लगाम नव्हता तिची बोली जाते, आणि उरलेला अभिनय अर्ध्या चेहऱ्यावर व एका हातावर चालतो. शेवटच्या वीस मिनिटांत त्यांना फारसे संवाद नाहीत, आणि पुरस्कार बहुधा त्या वीस मिनिटांचाच असावा.

पुरस्कार समारंभांच्या चित्रफिती यानंतर पाहाव्यात, आधी नव्हे. ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार स्वीकारताना त्यांनी इंग्रजांना हसत हसत आढ्यताखोर म्हटले, ऑस्करच्या मंचावर आपल्या नावाचे उच्चार बिघडवणाऱ्या सगळ्यांना त्या रात्रीपुरती माफी दिली, आणि ग्लेन क्लोज यांच्याशी मी कशी स्पर्धा करणार, असेही विचारले. हे सगळे मजेदार आहे, पण आधी पाहिले तर विनोदी आजीचे चित्र डोक्यात पक्के बसते. २०२२ चा समारंभ मात्र आवर्जून पाहावा : श्रवणशक्ती नसलेले अभिनेते ट्रॉय कॉट्सर यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर देताना त्यांनी आधी खुणांच्या भाषेत अभिनंदन केले, आणि त्यांना दोन्ही हातांनी बोलता यावे म्हणून भाषण संपेपर्यंत त्यांची ऑस्करची मूर्ती स्वतः धरून ठेवली.

शेवटी 'पाचिंको'

ॲपलची 'पाचिंको' ही मालिका शेवटी ठेवण्याचे कारण असे की तिच्यात यून एका भूमिकेचा केवळ एक भाग करतात, आणि तो भाग कसा जोडला आहे हे ओळखायला आतापर्यंतची सवय उपयोगी पडते. बुसानजवळच्या यंगदो बेटावर वाढलेली सुन्जा १९३० च्या दशकात जपानमध्ये ओसाकाला जाते. तरुण सुन्जा किम मिन-हा यांनी, आणि १९८९ सालची म्हातारी सुन्जा यून यांनी केली आहे. मालिकेत कोरियन, जपानी आणि इंग्रजी अशा तीन भाषा असून कोणती भाषा चालू आहे हे सबटायटलच्या रंगावरून कळते : कोरियन पिवळा, जपानी निळा. ही सोय बंद करू नये, कारण म्हातारी सुन्जा कोणाशी कोणत्या भाषेत बोलते यात तिचे जपानमधील पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य साठले आहे.

पहिल्या हंगामातील भाताचे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. एकात सुन्जाच्या लग्नासाठी तिची आई कुठून तरी मूठभर पांढरा तांदूळ मिळवते, जो त्या काळात कोरियन माणसाच्या वाट्याला येतच नसे. दुसऱ्यात, अनेक दशकांनंतर, तोक्योतल्या एका कोरियन म्हातारीच्या घरी सुन्जापुढे भाताची वाटी येते आणि पहिल्या घासातच तिला तो कोरियन मातीतला तांदूळ असल्याचे कळते. यून यांचा प्रसंग आधी येतो, किम यांचा नंतर. म्हणजे कारण समजण्यापूर्वीच आपण परिणाम पाहिलेला असतो. ज्यांना पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी २०२४ चा दुसरा हंगाम आहे, आणि २०२५ चा अमेरिकन विनोदी चित्रपट 'द वेडिंग बँक्वेट'ही, ज्यात नातवाच्या खोट्या लग्नाचा बनाव ओळखणारी आजी त्यांनी केली आहे.

एवढा सगळा वेळ ज्यांच्याकडे नाही आणि केवळ एक शनिवार-रविवार मोकळा आहे, त्यांनी शनिवारी दुपारी १९७१ चा 'वुमन ऑफ फायर', रात्री २०१० चा 'द हाउसमेड' आणि रविवारी 'द बॅकस लेडी' पाहावा. 'मिनारी' पुढच्या आठवड्यावर टाकला तरी चालेल.